अक्काले दिसनं का?

आमच्या शेजारच्या नानांकडे वेबसाइट करायला गेलात, तर ते आधी तुम्हाला जवळजवळ कोरं पान दाखवतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं. रंग नाही, रूप नाही. वर विचारतात, "कसं वाटतंय?" माणूस काय बोलणार, कपाळ? माझ्या केळीच्या वेफर्सची वेबसाइट मी पहिल्यांदा अशी बघितली, तेव्हा मला वाटलं नानांचा लॅपटॉप बिघडला.

"बिघडला नाही. ही स्टार्टर थीम," नाना म्हणाले. "नुसता सांगाडा. आता एकेक गोष्ट आपण बांधायची."

खरं तर सजवलेल्या तयार थीम हव्या तेवढ्या मिळतात. नाव घाला, फोटो घाला, दोन दिवसांत दुकान उघडा. मी तसं सुचवलं, तर नानांनी असं तोंड केलं, जसं काही मी केळीच्या वेफर्समध्ये बटाटा मिसळते. "तयार थीममध्ये तुमचं काय असतं? नाव. बाकी सगळं दुसऱ्याचं." हे वाक्य आख्ख्या जळगावला पाठ आहे.

बरं, बांधा बापडे. पण इथे प्रत्येक विटेला अक्कांची मंजुरी लागते. अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, राहायला शिंदखेड्याला. नाना पानाची वरची पट्टी तयार करणार, अक्कांच्या मोबाइलवर पाठवणार आणि लगेच फोन लावणार. "अक्का, दिसनं का?" मग तिकडून हुकूम सुटायचे. रंग हिरवा कर. अक्षर मोठं कर. एकदा माझाच फोटो बघून त्यांनी फर्मावलं, "हाई बाई वाळी गई. दुसरा फोटो टाक." आणि नानांनी मला खरोखर दुसरा फोटो काढून आणायला लावला.

"नाना, गिऱ्हाईक मी आहे की अक्का?"

"तुम्हीच. पण अक्काला दिसलं पाहिजे."

इकडे माझा जीव टांगणीला. पुण्याचा एक दुकानदार सोमवारी वेबसाइट बघून ऑर्डर ठरवणार होता. असोद्याच्या बायका माझ्याकडे केळी सोलायला, तळायला येतात. ही ऑर्डर मिळाली तर त्यांना वर्षभर काम होतं. शनिवारपर्यंत सगळं झालं. उरलं फक्त ऑर्डरचं बटण, म्हणजे बटणावर अक्कांची मंजुरी.

रविवारी सकाळी नानांनी फोन लावला. बंद. परत लावला. बंदच.

"नाना, बटण मला दिसतंय, तुम्हाला दिसतंय. आता करा की सुरू."

 नाना उठले आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या. ते बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी वेफर्सची व्हॅन काढली.

शिंदखेड्याच्या वाटेवर अमळनेर मागे पडल्यावर नाना बोलायला लागले. मेहुणे गेल्यापासून अक्का एकट्याच. जळगावला चल म्हटलं, तर "मी कोनावर भार व्हस नही." रोज फोन केला, तर "बरी शे, ठेव." पुढे शब्द नाही.

"मग एकदा तिला एक पान दाखवलं. म्हटलं, कामात अडलोय, रंग कोणता देऊ सांग. अर्धा तास बोलली हो." नाना खिडकीबाहेर बघत होते. "तयार थीम घेतली तर सगळं दोन दिवसांत उरकतं. मग तिला विचारू काय?"

 शिंदखेडा येईपर्यंत मी व्हॅन कुठेच थांबवली नाही.

अक्का अंगणात लसूण निवडत बसलेल्या, अगदी ठणठणीत. आदल्या दिवसापासून लाइट नव्हती, मोबाइल चार्ज झालाच नव्हता. "बठ्ठं काम टाकीसन ऊना का रे?" सगळं काम टाकून आल्याबद्दल त्यांनी नानांना झापलं. नानांनी काळजीचं नावसुद्धा काढलं नाही. लॅपटॉप उघडून त्यांच्या पुढ्यात धरला. "अक्का, हाई बटन दिसनं का?"

नाना हातपाय धुवायला मागे गेले, तेव्हा मी म्हटलं, "अक्का, नजर चांगली आहे हो तुमची. बरोब्बर चूक काढता."

अक्का हसल्या. मागे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "माले त्यामातलं काय समजस, माय? पन मी चूक नही काढी, तं तो फोन कसाले करी? घरमा एकटाच शे बिचारा."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. एकाचं गुपित दुसऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.

"बटन बारीक शे," नाना आल्यावर अक्का म्हणाल्या. नानांनी तिथेच ओट्यावर बसून, स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडून, बटण मोठं केलं आणि माझी वेबसाइट सुरू झाली. पुण्याची ऑर्डर आली. असोद्याच्या बायका आता रोज येतात. कढई चढवताना मी मनातल्या मनात त्या दोघा बहीणभावांचे आभार मानते; तोंडावर मानले तर दोघंही मलाच झापतील.

परवा नानांकडे गेले आणि म्हटलं, केळीच्या पिठासाठी वेगळं पान हवंय. खरं तर आहे त्याच पानावर ते एका ओळीत बसलं असतं.

"घाई आहे का?" नानांनी विचारलं.

"अजिबात नाही. अगदी कोऱ्यापासून करा. आणि रंग मला ठरवता येत नाहीये."

नानांनी फोन हातात घेतलासुद्धा होता.