अंताजीपंतांनी बंदिवानांची पाहणी केली त्याची हकीकत

श्री. बुद्धिदाता गणराय यांस दंडवत. त्यांनी लिहिणाराचे हातास बळ द्यावे आणि वाचणाराचे पित्त शमवावे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, चैत्र मासी एका राज्याने शेजारचे राज्याचा मोड केला आणि शत्रूकडील माणसे पाडाव करून डोंगरी किल्ल्यावर ठेविली. मग बोभाटा उठला की, बंदिवान तळघरात बेडीने सडून मरतात. दरबारास लाज वाटली आणि अंताजीपंत यांस पाहणीदार नेमिले. पंत सरळ माणूस, सोंगाचा तिटकारा फार. परंतु राज्याचा रिवाज असा की, पाहणीदार येताच गडाखाली चौघडा झडावा आणि दर दरवाजास थांबवून पान-अत्तर व्हावे. पंत पहिल्याच दरवाजास कावले आणि म्हणाले, "विडा राहू द्या, कैदी दाखवा." किल्लेदार हैबतराव हसून बोलले, "पंत, रिवाज मोडला तर सरकारचा अपमान. तोंड रंगू द्या." तोंड रंगता रंगता दुपार कलली, आणि मग वर जाऊन पाहतात तो बंदिवान न्हालेले, कोरी मुंडाशी बांधलेले, बेडीविना सतरंजीवर बसलेले! पंतांनी पुसले, "काही दुःख?" सर्वांनी पंतांच्या मागे उभ्या हैबतरावांकडे पाहिले आणि एकमुखाने म्हणाले, "सुखी आहों." एक करीमबक्ष गोलंदाज मात्र वैशाखाच्या उन्हात गुडघ्यांवर शाल घेऊन बसला होता. पंतांनी शाल ओढिली, तो बेडी घोट्याच्या मांसात रुतलेली आणि जखमेस किडे. पंत ओरडले, "ही आज निघाली नाही तर हा माणूस मरेल!" हैबतराव म्हणाले, "काढू की. दरबारचा हुकूम येताच काढू."

दरबारचा हुकूम म्हणजे दिवाळी उजाडणार, हे पंत जाणून होते. म्हणून दुसरे दिवशी सकाळी ते चौघड्यास न कळविता, चोरवाटेने एकटेच गड चढले, आणि पहारेकऱ्यांनी त्यांस धरून हैबतरावांपुढे उभे केले. पंत संतापून म्हणाले, "हैबतराव, काल आपल्याच हाताने मला अत्तर लाविलेत!" हैबतराव बोलले, "लाविले तर. पण आज चौघडा वाजला नाही. चौघड्याविना चढतो तो पाहणीदार नव्हे, शत्रूचा हेर. रिवाज दरबारचा, मी का केला?" आणि पंतांस तळघरात उतरविले. तेथे कालचे सुखी सारे पुन्हा बेडीत, अंधारात, चिखलात. मग लोहार आला आणि म्हणाला, "धनी, बेडी शिल्लक नाही." हैबतराव वैतागून म्हणाले, "कोणाची तरी काढून घाल!" तेव्हा पंत म्हणाले, "त्या गोलंदाजाची घाल. दुसरी मी घेणार नाही. पाहणीदाराचा मान तेवढा तरी राखा." हैबतरावांस भोजनाची घाई, ते म्हणाले, "घाल बाबा, कोणतीही घाल." लोहाराने छिन्नी लाविली, करीमबक्ष किंचाळला आणि बेडी सुटून पंतांचे पायी आली. घटकाभराने करीमबक्ष क्षीण हसून म्हणाला, "पंत, आता मी विचारतो. काही दुःख?" पंत खेकसले, "गप बैस! माझ्या वाटणीचे पाणी घे आणि जखम धू."

तात्पर्य, पाहणी यथासांग जाहली. गोलंदाज वाचला आणि लंगडत का होईना, चालू लागला. पुढे दरबाराने पंतांची खबर पुसली, तेव्हा किल्लेदारांनी कळविले की, पाहणीदार पाहणी करून संतोषाने गड उतरले. बंदिवान सुखी आहेत, एक वाढला आहे. दरबारास समाधान वाटले.