कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांबाबत

तक्रारदार : श्रीमती सुमनबाई ठोंबरे, वय एकाहत्तर, मूळ गाव अकोला जिल्ह्यात, हल्ली मुक्काम मुलाकडे, अ‍ॅमस्टरडॅमचा झुइडओस्ट भाग, सातवा मजला. काळ : टाळेबंदीचा हिवाळा; परतीचे विमान बंद. प्रतिवादी : अमेरिकेतील गुलामगिरीवर चित्रपट काढणारी समस्त मंडळी. साक्षीदार : चिरंजीव नितीन, परंतु घरूनच नोकरी व दिवसभर कानांवर हेडफोन, सबब साक्ष अपुरी. अर्जलेखक : मी, त्यांचा मराठी शेजारी. या इमारतीतून नगरपालिकेस गेलेला एकही महत्त्वाचा अर्ज माझ्या हाताखालून गेल्यावाचून राहिलेला नाही.

सुमनबाई हे चित्रपट आवाज बंद करून पाहतात. कापसाचे शेत आले की चित्र थांबवतात आणि पडद्याला नाक लावून वेचणाऱ्यांची बोटे तपासतात. मी बाहेरच्या सामाईक सज्जात दीड मीटर अंतर राखून स्टुलावर बसतो. त्या खिडकीतून सांगतात, मी लिहितो, नितीन त्याचे इंग्रजी करून चित्रपट कंपनीस धाडतो.

"भाऊ, पाह्य थे नायिका! कापूस वेचून रायली का देवाले फुलं?"

"सुमनबाई, प्रसंग करुण आहे. लोक रडतात."

"रडू दे. पण बोंडाचं टोक टोचते न! दिवसभर वेचून एक ओरखडा नाही? त्या लोकायच्या पाठीवर चाबूक होता, भाऊ. त्यायचे बोटं तरी खोटे काऊन दाखवता?"

मी बाणेदार सुरुवात केली : 'कापूस तोडताना नायिकेची बोटे...'

"तोडतात थे फुलं! कापूस वेचतात. एवढे अर्ज लिहितो अन् हे नाही समजत?"

नितीनने एक कान मोकळा केला. "आई, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे."

"म्हणूनच चुकतात थे!"

माझ्या कारकिर्दीत प्रथमच अर्ज फाडावा लागला.

तीन अर्ज गेले. उत्तर नाही. नितीन म्हणाला, "आई, पुरे आता." त्या दोन दिवस जेवणापुरत्याच बोलल्या. तिसऱ्या दिवशी मला खिडकीशी बोलावून त्यांनी थांबवलेले चित्र दाखवले. मागच्या रांगेत एक म्हातारी, क्षणभरच दिसणारी. बोटे फाटलेली, अंगठा बोंडाच्या आत वळलेला.

"हे बाई खरी वेचणारी हाय."

"मग तक्रार कसली उरली?"

त्यांनी पडद्यावरच्या त्या अंगठ्यावर बोट ठेवले. "माह्या मायचा एकबी फोटो नाही, भाऊ. जल्मभर दुसऱ्याच्या वावरात वेचे. तोंड आता आठवत नाही मले. बोटं आठवतात."

मी नवा कागद घेतला. या अर्जातील एकही शब्द त्यांनी बदलला नाही.

'सबब नम्र विनंती की, पूर्वीच्या तिन्ही तक्रारी मागे घेतल्या आहेत असे समजावे. मागील रांगेतील त्या वृद्ध बाईंचे नाव कळवावे. आणि या साथीत त्या सुखरूप आहेत किंवा कसे, एवढे एका ओळीत लिहावे. अर्जदार दिवसभर घरीच असतात.'