दीड चिमूट कापूस

हेडफोन घ्यायला निघाले की आमच्या शेजारचे आप्पा आधी दोन्ही कानांत कापूस घालतात. डाव्या कानात एक चिमूट, उजव्या कानात दीड. मग डोक्यावरची टोपी सारखी करतात आणि मला म्हणतात, चला इंजिनेर. मी बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, इंजिनियर नाही, हे मी त्यांना खूपदा सांगून बघितलंय. पण कापूस आत गेल्यावर सांगून उपयोग काय?

बेळगावच्या बाजारात पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा दुकानदार पार हडबडला. गिऱ्हाईक हेडफोन लावतंय, डोळे मिटतंय, आवाज कमी हाय म्हणून तक्रार करतंय, आणि कानांतून कापसाचे बोळे बाहेर डोकावतायत. त्यानं आधी मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं, आणि शेवटी वैतागून आपल्या कन्नडमध्ये ओरडला, "हत्ती तगीरी, हत्ती!" कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस. तो काढा म्हणत होता बिचारा. पण दुकानात कोल्हापूरकडचं एक जोडपं चार्जर बघत उभं होतं, त्यांना हे कुठलं माहीत? नवरा दाराबाहेर बघायला लागला आणि बायको काउंटरला चिकटली. आप्पांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी तो हेडफोन काढला, नाकाशी नेऊन हुंगला आणि परत दिला.

हुंगला, कारण आप्पा मूळचे निपाणीचे. चाळीस वर्षं तिथल्या वखारीत तंबाखू पारखायला होते. पान हातात घ्यायचं, चुरगाळायचं, वास घ्यायचा, आणि माल कुठल्या रानातला, एक नंबर का दोन नंबर, ते सांगून मोकळं व्हायचं. पुढं ती नोकरी संपली, बेळगावात खासबागेत आमच्या शेजारी घर घेतलं, पण पारखायची सवय काही सुटली नाही. कलिंगड असो, पुढारी असो, नाहीतर कुणाचा होणारा जावई, आप्पांच्या तोंडी वखारीतलीच भाषा. बरा असेल तर "पान चांगलं हाय", कुठं खटकलं तर "काडी लागती". माझ्या लग्नाचा अल्बम बघून ते म्हणाले होते, "पान बरं हाय, पण मुरलं न्हाय अजून." त्याला अकरा वर्षं झाली. परवा विचारलं तर म्हणाले, अजून न्हाय.

तर या माणसाला या वयात हेडफोनचं खूळ का लागलं? त्यासाठी आधी केळ्यांबद्दल सांगायला पाहिजे.

माझा बरेच दिवस असा समज होता की आप्पांना केळ्यांचं वेड आहे. कधीही जावं तर आप्पा केळं सोलत बसलेले. सकाळी केळं, दुपारी केळं. मग एका रविवारी माझ्यासमोरच सगळं घडलं. आक्का, म्हणजे आप्पांच्या पत्नी, चिकोडीकडच्या. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात, पुष्कळदा एकाच वाक्यात. आप्पा त्यांना म्हणाले, "केळ इल्ली." म्हणजे ऐक इकडं. आक्का उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि हातात एक केळं घेऊन आल्या. आप्पांनी ते मुकाट्यानं सोललं आणि खाल्लं. सालं बाजूच्या ताटलीत ठेवली. ताटलीत आधीची दोन सालं होती.

आक्कांना ऐकायला कमी येत होतं. शब्दाचं शेपूट गळायचं आणि उरलेला तुकडा मराठी का कन्नड हे कळायला मार्ग नसायचा. आणि आप्पा असे, की तुला चुकीचं ऐकू आलं म्हणायचं सोडून केळं खायचे.

आक्कांना स्वतःला यातलं काही मान्य नव्हतं. त्यांच्या मते रेडिओवाले हल्ली अंगचोरपणा करतात आणि बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, बायका पुटपुटतात. त्यांच्या मुलीनं एकदा कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस जेवल्या नाहीत. मी काय बहिरी हाय का, एवढंच म्हणत राहिल्या. त्याच मुलीनं दिवाळीला खिशात मावेल एवढा गाण्यांचा प्लेअर दिला होता, आक्कांच्या आवडीची झाडून सगळी गाणी भरून. आक्कांना गाण्याचं भारी वेड. भाकरी थापताना गुणगुणायच्या, ते आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. तो प्लेअर त्यांनी चार दिवस कानाशी धरून बघितला आणि बिघडलाय म्हणून कपाटात टाकला. गुणगुणणंही बंद पडलं.

तिथून आप्पांच्या डोक्यात हेडफोन शिरला. कानाचं यंत्र लावलं तर लोक बहिरी म्हणतात, पण हेडफोन काय, कॉलेजच्या पोरी लावून फिरतात. आक्कांना गाणी ऐकू आली पाहिजेत, आणि आपल्याला कमी ऐकू येतं हे त्यांना कळता कामा नये, असा हा बेत होता. "कळलं तर मनातनं खचंल ती," आप्पा मला म्हणाले. तोवर त्यांनी आपल्यापुरता उपाय काढलाच होता, तो म्हणजे ओरडायचं. आमच्या गल्लीत यंत्रमागांचा दिवसभर खडखडाट. त्यावर आवाज चढवून आप्पा आक्कांशी बोलायचे. त्यांच्या घरात कुठली भाजी आहे, कुणाचं पोट बिघडलंय आणि आप्पांचा बनियन कुठं हरवलाय, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

आता कापसाचं. आप्पांनी त्यावर पंधरा दिवस मेहनत घेतली होती. कानांत कापूस घालून घरात बसायचं, आणि आक्कांना काय ऐकू येतं, आपल्याला काय येतं ते ताडून बघायचं. कुकरची शिट्टी दोघांना, दारावरची कडी दोघांना नाही, असं जमेपर्यंत कापूस कमी-जास्त करायचा. मी कारखान्यातले कानात घालायचे बूच आणून दिले होते, ते त्यांनी परत केले. "एवढी बी बहिरी न्हाय ती," म्हणाले, जरा रागानंच. शेवटी डावीकडे एक आणि उजवीकडे दीड चिमूट हा आक्कांचा कान ठरला, आणि तो कान घेऊन आम्ही बाजारात फिरायला लागलो.

कानाच्या आत घुसणारे रबरी बोंडांचे प्रकार पहिल्याच दिवशी बाद झाले, आक्का तसलं काही कानात जाऊ देणार नाहीत. बिनवायरीचे म्हणजे रोज चार्जिंगला लावा, तेही बाद. कानावर टेकणारे लहान गादीचे बरे वाटले. पण आक्कांच्या कानात बुगड्या. गादी बुगडीवर दाबली तर दुखणार. हे फक्त बोलून थांबतील तर ते आप्पा कसले? पुढच्या शनिवारी त्यांनी खिशातून चापाची बुगडी काढली आणि भर दुकानात कानाच्या वरच्या कडेला लावली. पांढऱ्या झुपकेदार मिशा, डोक्यावर टोपी, कानात कापूस आणि वर मोत्याची बुगडी. दुकानदार आतल्या खोलीत निघून गेला. मी रस्त्यावरच्या म्हशी बघत उभा राहिलो. आप्पा मात्र शांतपणे एकामागून एक हेडफोन लावत होते आणि म्हणत होते, ह्यो टोचतोय, ह्यो बी टोचतोय.

त्यातून एवढं ठरलं की गादी मोठी पाहिजे, अख्खा कान बुगडीसकट आत मावला पाहिजे. बाजूनं बंद पाहिजे, म्हणजे मागांचा खडखडाट आत येणार नाही. वायर अशी लांब पाहिजे की प्लेअर कमरेला खोचून आक्कांना भाजी निवडता येईल.

इथं मी माझं ज्ञान पाजळलं. मला या विषयातलं कळतं असा माझा समज आहे, घरी बायको सोडून सगळे तसं मानतात. मी दुकानदाराला सगळ्यात भारी, स्टुडिओत वापरतात तसला हेडफोन काढायला लावला आणि त्याच्या गुणांवर व्याख्यान दिलं. आप्पांनी तो प्लेअरला जोडला, बराच वेळ ऐकला आणि म्हणाले, "पान एक नंबर हाय, पर धूर निघत न्हाय." खोक्यावर बघितलं तर त्याचे ओहम हे एवढे मोठे. तो चालवायला मोठं यंत्र लागतं, आमच्या काडेपेटीएवढ्या प्लेअरला कुठला झेपणार? हे मला आधी कळायला पाहिजे होतं. दुकानदार हसला नाही, पण हसला असता तर बरं झालं असतं. शेवटी आप्पांनी निवडला तो साधा, काळा, कमी ओहमचा, मोठ्या गादीचा होता. कापसातून त्यांना त्यात शब्दन्‌शब्द ऐकू आला. "मुरलेला हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द पुढं 'न्हाय' न लागता मी पहिल्यांदाच ऐकला.

घरी गेल्यावर आप्पांनी ओरडून सांगितलं की मागांच्या आवाजात गाणी नीट लागत नाहीत म्हणून मी माझ्यासाठी हे आणलंय, तू जरा बघ बरं लागतंय का. आक्कांनी लावलं. एक मिनिट काही झालं नाही. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि मग भाकरीचं पीठ तसंच ठेवून त्या गायला लागल्या, हेडफोन लावलेल्या माणसासारख्या, म्हणजे खच्चून. भिंतीपलीकडून माझी बायको धावत आली. मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

पंधरा दिवसांनी आप्पा माझ्याकडे आले. मी विचारलं, माल कसा आहे? म्हणाले, "लई एक नंबर हाय. सकाळी लावती ते रात्री काढती." मग टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "बोलायचं कुणासंग, इंजिनेर?"

आधी निदान ओरडून बोलता तरी यायचं. आता अख्खा कान बुगडीसकट बंद, आणि तोही आप्पांनी स्वतः पारखून आणलेल्या गादीनं. मला खरं तर हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते आवरलं. प्लेअरमध्ये आवाज भरायचीही सोय होती. मी म्हणालो, बोला त्यातच, आक्का ऐकतील.

दुसऱ्या दिवशी प्लेअर घेऊन ते आले. बटण दाबल्यावर सवयीनं ओरडायलाच लागले. मी थांबवलं, म्हटलं, आप्पा, हे मशीन बहिरं नाही, हळू बोला. त्यांनी घसा साफ केला आणि हळू बोलायला लागले. शेजारी एवढी वर्षं राहून मी त्यांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. बोलले तरी काय? आज शेपू आणलाय, कवळा हाय. दूधवाला उद्या येणार न्हाय. गुडघ्याला तेल लावून बस, मी आल्यावर चोळतो. संपलं.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. आक्कांनी हेडफोन लावला, मी बटण दाबलं. आक्का ऐकत राहिल्या. संपल्यावर बोटानं खूण केली, परत लाव. तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि आप्पांकडे बघून म्हणाल्या,

"असं बोलायचा तुम्ही, आधी."

आक्कांनी मांडीवरची वायर बाजूला सारली.

"दोन वर्षं झाली, नुसतं वरडताय माझ्यावर. मला वाटलं, रागावलायसा. माझं काय चुकलं, ते इचारायला बी भ्या वाटत हुतं."

त्यांना कमी ऐकू येतंय हे त्यांच्यापासून इतकं जपून ठेवलं होतं, की ओरडण्याला रागाशिवाय दुसरं कारणच उरलं नव्हतं.

आप्पांना उत्तर तर द्यायचं होतं. ओरडल्याशिवाय आक्कांना ऐकू जाणार नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला प्लेअर वायरीतून सोडवून घेतला, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आक्का दाराकडे बघत बसून राहिल्या, हेडफोन दोन्ही हातांत धरून. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. बराच वेळ आप्पा आत बोलत होते, आणि काय बोलत होते ते गल्लीत कुणालाच ऐकू आलं नाही.