हिवरखेडचा सुरक्षित पाऊस

ज्या दारातून खुद्द घरमालकालाही आत जाता येत नाही ते दार सर्वात सुरक्षित, हे प्रशासनाला कुणी शिकवावे लागत नाही. २०१४ च्या ऑगस्टात विभागीय पर्जन्य कक्षाने अमरावतीच्या सर्व्हरचा पासवर्ड याच विचाराने बंद केला. (तो प्रत्येक कार्यालयात कॅलेंडरवर लिहिलेला असे, विसरल्याची तक्रार एकही नव्हती.) यापुढे लॉगिन चावीने.

तेल्हाऱ्याची कंत्राटी ऑपरेटर उज्मा, फिजिक्सची बी.एस्सी., हरखली. संगणक दोन फायलींची जोडी बनवतो. सार्वजनिक चावी सर्व्हरवर ठेवायची. ती जगाने पाहिली तरी बिघडत नाही. खाजगी चावी आपल्याच संगणकात; ती ज्याच्या हाती, तो आपल्या नावाने आत; म्हणून कुणालाच द्यायची नाही, सर्व्हरलासुद्धा. पाच मिनिटांचे काम. फक्त चावी सर्व्हरवर बसवायला बडे बाबूंनी साक्षांकित केलेला अर्ज लागे.

घाईही होती. हिवरखेडला पंचवीस दिवस थेंब नव्हता. शून्याचा आकडा तीस तारखेपर्यंत सर्व्हरवर चढला, तर गाव टंचाईच्या यादीत. न चढल्यास नियम सात: 'गावात सरासरीइतका पाऊस पडला असे समजण्यात यावे.'

बडे बाबू खुशालरावांनी अर्ज उलटापालटा केला. "एकच चावी जोडली? दुसरी काहून नाई?"

"बडे बाबू, ती कुणाला दाखवायची नसते."

"मंग साक्षांकित काय करू, हवा? न पाह्यता सही नाई करत मी."

(हे खरे होते. कागदाची कोरी बाजूही ते वाचत.)

अर्ज 'अपूर्ण' म्हणून दोनदा परत आला. हिवरखेडचा कोतवाल सूर्यभान रोज फोन करी. "उज्माताई, मापकात पानी नाई, कोळ्यानं जाळं केलं. तेबी मोजू का?"

एकोणतीस तारखेला उज्माने हात टेकले आणि खाजगी चावीही जोडली. छापून सत्तावीस ओळी निघाल्या. बाबूंनी अक्षर न् अक्षर ताडून शिक्का मारला आणि रिवाजाप्रमाणे प्रती माहितीसाठी अकोला, अंजनगाव सुर्जी धरून चौदा कार्यालयांना रवाना केल्या. टायपिंगचे कष्ट नकोत म्हणून मूळ फाईल ई-मेलने सोबत.

तीस तारखेला सकाळी चावी सर्व्हरवर बसली. दुपारी उज्माने शून्य भरायला हिवरखेडचा रकाना उघडला. तो भरलेला होता: १९६ मिलिमीटर. चौदांपैकी कुण्या कार्यालयाने रिकामा रकाना पाहून सौजन्याने सरासरी टाकली होती. भरणाऱ्याचे नाव: उज्मा.

दुरुस्तीसाठी भरणाऱ्याचा लेखी खुलासा लागतो. तिने लिहिले, 'हा पाऊस मी पाडलेला नाही.' कक्षाने तो सर्व्हरच्या नोंदीशी ताडला. चावी तिचीच, शंकेला जागा नाही. खुलासा फेटाळला. हिवरखेड यादीबाहेर राहिले, आणि सप्टेंबरात उज्माचे कंत्राटही.

"मले सांगा उज्माताई," सूर्यभानने विचारले, "गावात यवढं पानी पडलं, आन् आमीच कसे कोरडे राह्यलो?"

त्या आठवड्यात पेपरात आतल्या पानावर बातमी होती: 'वऱ्हाडात समाधानकारक पाऊस.' तुम्ही ती वाचलीत, बरे वाटले, आणि पान उलटलेत. कक्षाच्या दफ्तरी त्याची नोंद आहे: 'हरकत आली नाही.'