मापनखोलीची मोहीम आणि रुमालाची शिकस्त

ऐकणारांनी कान द्यावा आणि हसू आलेच तर गालांत दाबून ठेवावे, कारण पुढील वर्तमान थट्टेचे नव्हे. कारखान्याच्या मापनखोलीत प्रकाशाने मोजणारे नवे यंत्र दाखल जाहले, त्याकारणे मुरब्बी इंजिनिअरांची फौज तालमीस बसली, आणि त्या तालमीत एका पराक्रमी पुरुषाचा एका रुमालाने कैसा घात केला, आणि मग तो पुरुष त्यातून कैसा तरला, हे यथास्थित लिहिले पाहिजे. न लिहावे तर पुढचे लोक म्हणतील की ऐसे काही जाहलेच नाही, आणि कँटीनमधले म्हणतील की याहून भलतेच जाहले.

तर कारखानाभूषण, मापननिष्ठ, धूलिमर्दन, राजमान्य राजश्री मायक्रॉनराव हे मापनखोलीचे प्रमुख. आईबापांनी नाव दुसरेच ठेविले होते, परंतु मिलिमीटरचा हजारावा हिस्सा तो मायक्रॉन, आणि एकेका मायक्रॉनासाठी हे अख्ख्या खात्याशी वैर धरीत, सबब हेच नाव चिकटले. त्यांचा रिवाज ऐसा की कोणताही भाग मोजावयाचा तर आधी तो रुमालाने पुसावा, उजेडात धरावा, पुन्हा पुसावा, आणि त्यात आपली मिशी दिसू लागली म्हणजेच माप घ्यावे. धुळीचा कण हा त्यांचा जन्माचा गनीम. पाहुण्यांच्या घरी गेले तरी चहाचा कप हातात येताच पुसीत, आणि यजमानीणबाईंचा चेहरा उतरे, आणि बायकोचे कोपर बरगडीत बसे, आणि तरीही पुसीत.

मग एके दिवशी मोठ्या साहेबांचे फर्मान सुटले की, भागास सुई टेकवून मोजण्याची जुनी रीत आजपासून बरखास्त. यापुढे प्रकाश टाकून मोजावे, आणि जे मोजले ते डोळ्यांवर हेडसेट चढवून, आभासी मुलखात शिरून, चहूबाजूंनी पाहावे. सर्वांनी तालीम घ्यावी आणि अखेरीस पाहुण्यांच्या समक्ष पंपाचे ओतीव कवच संपूर्ण मोजून दाखवावे. प्रमुखाने हे साधल्यास मापनखोली त्याजकडे कायम, न साधल्यास त्याची रवानगी गोदामात, खोकी मोजावयास. हे ऐकोन मायक्रॉनरावांनी मेजाचा कोपरा दोनदा पुसला. गोदाम म्हणजे पत्र्याचे छप्पर, खोक्यांच्या राशी, आणि फूटभर इकडेतिकडे जाहले तरी कोणी हूं की चूं न करणारे लोक. तशा मुलखात त्यांनी जगावे तरी कैसे?

तालीम देण्यास यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडून खाशी सरदारीण रवाना जाहली, आणि ती निघाली मायक्रॉनरावांची सख्खी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. मुक्कामही त्यांच्याच घरी, मागल्या खोलीत. तेव्हा बायकोने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून जाहीर केले की, घरात यंत्राचा विषय निघणार नाही, जो काढील त्याने आपले ताट आपण घासावे. उभयतांनी ही अट मान्य केली, आणि रोज रात्री जेवणावर हवापाण्याखेरीज बोलणे जाहले नाही.

पहिल्या दिवशी मेहुणीने समस्त फौजेस कुलमुखत्यारीने समजाविले की, चकचकीत धातूवर प्रकाश ठरत नाही, आरशावरून निसटावा तैसा निसटतो, आणि यंत्रास तेथे काहीच दिसत नाही. म्हणोन भागावर आधी पांढऱ्या भुकटीचा बारीक फवारा मारावा. फौजेने माना डोलाविल्या. मग हेडसेट चढवून स्वारी आभासी मुलखात उतरली, आणि तेथे मोठाच हाहाकार उडाला. एक वीर हवेतल्या खुर्चीवर विश्वासाने बसला आणि जमिनीवर आला. दुसरा भिंतीस आदळून भिंतीलाच सॉरी म्हणाला. मायक्रॉनरावांपुढे मात्र हत्तीएवढे बेअरिंग प्रकट जाहले, आणि त्यांनी क्षणाचाही विलंब न लाविता खिशातून रुमाल काढोन हवा पुसावयास आरंभ केला.

"भाऊजी, ते खोटं आहे," मेहुणी म्हणाली.

"खोटं असलं म्हणून घाण ठेवायचं का?" मायक्रॉनराव म्हणाले, आणि हवा पुसीत राहिले.

मग खरी लढाई लागली. पंपाचे कवच मेजावर मांडिले, मेहुणीने भुकटी फवारली, आणि पडद्यावर चित्र पाहण्यास सर्वांसह पाठ वळविली. यंत्राने प्रकाशाचे पट्टे सोडिले, आणि चित्र उमटले ते निव्वळ चाळणीसारखे. मधोमध भोक, बाजूस भोक, कवच कमी आणि भोके अधिक. पुन्हा फवारले, पुन्हा मोजले, पुन्हा चाळण. खिडकीतून ऊन येते म्हणोन पडदे ओढिले, तरी चाळण. फवाऱ्याचा डबा बदलला, यंत्राची काच तपासली, मेजाचे पाय तपासले, तरी चाळणच. फौजेत कुजबूज सुरू जाहली की यंत्र कुचकामी, आणि काहींनी असेही पसरविले की बाईंनाच काही येत नाही. मेहुणीने आपल्या कंपनीस फोन लाविला, तो तिकडून कोरडे उत्तर आले की, यंत्र निर्दोष आहे. प्रशिक्षकास जमत नसल्यास तीस परत बोलावून दुसऱ्यास धाडू.

त्या रात्री मेहुणी ताटातली भाकरी नुसती मोडीत बसली.

"काय गं, बरं नाही का?" बहिणीने विचारले.

"बरी आहे. उकडतंय फार."

मायक्रॉनराव खाली मान घालोन जेवत होते. त्यांसही सुख नव्हते. यंत्र चालले नाही तर गोदाम ठरलेले, आणि डोळ्यांसमोर खोक्यांच्या राशी नाचत होत्या. चिंता वाढली म्हणजे त्यांचा हात आपोआप चालत असे. त्यांनी चमचा पुसला, पाण्याचा पेला पुसला, आणि बायकोने डोळे वटारले म्हणोन मीठदाणी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी मेहुणीने निर्वाणीची मसलत केली की, चाळण तर चाळण, आपण तीतच शिरोन भोकांचे मूळ शोधू. सर्वांनी हेडसेट चढविले आणि मायक्रॉनरावांनीही चढविला. समोर वाड्याएवढे कवच उभे होते, जागोजाग फाटलेले. फौज त्यास वळसा घालोन मागल्या बाजूस गेली, आणि तेथे सर्वांची पावले जागीच थिजली. एका भोकाच्या काठावर, अधांतरी, माणसाएवढा एक अंगठा लटकत होता. नखासहित, नखाजवळच्या चिरेसहित. आणि अंगठ्याखाली एक अफाट रुमाल पसरला होता, चुण्याचुण्यांचा, काठाची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली. यंत्राने प्रकाश सोडिला त्या घटकेस कवचाजवळ जे जे होते ते ते त्याने इमानाने मोजिले होते, आणि मायक्रॉनपर्यंत अचूक मोजिले होते.

मग मेहुणीचा आवाज आला.

"भाऊजी, हा अंगठा कोणाचा?"

"माझाच वाटतोय खरा."

"आणि रुमाल?"

मायक्रॉनरावांनी खिशावर हात ठेविला.

"हा रुमाल ताईनं तीनदा कचऱ्यात टाकलाय. मी ओळखते त्याला. तुम्ही दर वेळी पुसत होतात?"

"अगं, डोळ्यांदेखत धूळ बसलेली कशी बघवेल? आणि तिची जाडी मापात आली म्हणजे? मी खोट्या मापावर सही करू?"

"त्या भुकटीची जाडी ठाऊक असते, भाऊजी. ती मापातून वजा होते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"तेव्हा मी कुठे होतो?"

"समोरच होतात. पुसत होतात."

यावर फौज ऐसी हसली की हेडसेट घसरले, आणि खुर्चीवाला वीर हसता हसता पुन्हा एकवार जमिनीवर आला. परंतु मायक्रॉनराव हसले नाहीत. आपल्या हाताने आपण गोदामाची वाट झाडून ठेविली, याचे त्यांस वाईट वाटले; पण या पोरीस कंपनी परत बोलावीत होती आणि तीही आपल्याच पायी, याचे त्याहून अधिक वाटले. तेव्हा त्यांनी हेडसेट उतरविला, रुमालाची नीट चौघडी केली, आणि शस्त्र खाली ठेवावे तैसा तो मेहुणीच्या हाती दिला. तेथेच तह जाहला की, रुमाल मोहीम संपेतो जप्त. कवच मायक्रॉनरावांनी स्वहस्ते फवारावे. आणि यातील अक्षरही ताईस कळू नये. पैकी शेवटचे कलम मेहुणीने त्याच संध्याकाळी, चहा गाळता गाळता, मोडिले.

मग अखेरचा दिवस उगवला. मायक्रॉनरावांनी पंपाचे कवच मेजावर घेतले, हातमोजे घालावयाचे विसरले, आणि सगळे बळ एकवटून त्यावर पांढरी भुकटी फवारली. जन्मभर जो गनीम झाडला त्यास आपणच घरात घेऊन गादीवर बसविण्याचा प्रसंग. बोटे पांढरी, कवच पांढरे आणि चेहराही जवळपास तैसाच. उजवा हात आपोआप खिशाकडे गेला, डाव्याने त्यास मनगटास धरोन मागे ओढिले, आणि उभयतांची पाठीमागे बराच वेळ झटापट चालली. मेहुणी पाहत होती.

इतक्यात मोठे साहेब, नवा काळा कोट अंगात, पाहुण्यांसह खोलीत दाखल जाहले. त्यांची नजर मेजावर गेली आणि कपाळावर आठी पडली.

"काय ही धूळ! पाहुणे आलेत, निदान आज तरी पुसायचं!" ऐसे म्हणोन त्यांनी कोटातून पांढराशुभ्र रुमाल काढिला आणि कवचावर चाल केली.

आता एका पुसण्याने सारेच जाणार होते. मापन जाणार, मेहुणीची लाज जाणार, आणि खोकी येणार. मायक्रॉनराव पुढे जाहले आणि त्यांनी साहेबांच्या मनगटास वरचेवर धरिले. 

"साहेब, हात लावायचा नाही. माप बिघडेल."

"मी कोण आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच हळू धरलाय."

साहेबांनी मनगटाकडे पाहिले, मायक्रॉनरावांकडे पाहिले, आणि मेहुणीकडे पाहिले. मेहुणीने मान हलविली की, बरोबर बोलतात. मग साहेबांनी रुमाल परत खिशात घातला, आणि मायक्रॉनरावांनी हुकूम केला की प्रकाश सोडा. पट्टे कवचावरून सरसर फिरले, आणि पडद्यावर चित्र उमटले ते अखंड. आतली वळणे, बाहेरचा घेर, पेचांची भोके जेथे असावयाची तेथेच, आणि एकही फाजील नाही. पाहुणे हेडसेट चढवून पंपाच्या पोटात फिरोन आले आणि बाहेर निघावयास कबूल होईनात. साहेबांनी जागच्या जागी जाहीर केले की मापनखोली मायक्रॉनरावांकडे कायम, आणि मेहुणीने कंपनीस फोन करोन कळविले की दुसरे कोणी धाडण्याचे प्रयोजन उरले नाही.

येणेप्रमाणे मापनखोलीची मोहीम फत्ते जाहली. विजयाची सनद कागदावर निघाली नाही, परंतु शिक्कामोर्तब जाहले ते ऐसे की, मोठे साहेब त्या दिवशी जेथे जेथे गेले, बैठकीत, भोजनास, पाहुण्यांना पोहोचविण्यास फाटकापर्यंत, तेथे तेथे त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर पांढऱ्या पाच बोटांचा ठसा स्पष्ट होता. अवघ्या कारखान्याने तो पाहिला, आणि पुसा म्हणोन सांगण्याची छाती कोणाची जाहली नाही.