आखूड दस्त्याची रायफल

भोये सरांनी आमच्या चुलीची फुंकणी उचलून डोळ्याला लावली, तेव्हा मला वाटलं, म्हातारा गेला कामातून! उजेडाकडे धरून आत बघत म्हणाले, "गंजलीय. बाहेरून पुसून काय उपयोग?"

जव्हारमध्ये ते आमचे शेजारी. आयुष्यभर शाळेत नेमबाजी शिकवली, आता निवृत्त. जुन्या नेमबाजीच्या रायफली ओळखायचं वेड मात्र कायम. बोल्ट हाताने मागे ओढून एकेक गोळी भरायची, त्या रायफली. लायसनवाले लोक लांबून दाखवायला आणतात. आत गोळी नाही ना, हे सर आधी बघतात. मग बोल्टवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडतात. नाही जुळला की म्हणतात, "बोल्ट दुसऱ्याचा! हिचा संसार मोडलाय."

पोशेऱ्याच्या एकाने तर दिवाळीला दरवाजांबरोबर रायफललाही रंग दिला. "आज्याची हाय सर, बगा कशी चकाकते!" सर कळवळले. "अरे बाबा, आज्यालाही रंग दिला असतास काय?"

पण सगळ्यात मोठं पाप म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कापणं. तशी रायफल आली तर सर चहासुद्धा विचारत नाहीत.

आता त्यांचेच हात थरथरतात. लायसन पुन्हा करायचं नाही, स्वतःची रायफल चांगल्या हाती द्यायची, असं त्यांनीच ठरवलं. नाशिकच्या एका क्लबच्या मॅडम बघायला आल्या. चहा घेऊन मी गेले आणि बघतच राहिले. सरांच्या रायफलचा दस्ता चांगला चार बोटं कापलेला!

"नंबर जुळतात, नळी स्वच्छ," मॅडम खूश. "दस्ता तेवढा काढून टाकू, नवा बसवू."

सर एकदम म्हणाले, "नळी खराब आहे."

"नाही हो सर."

"बोल्ट अडकतो."

मॅडमनी ओढून पाहिला, लोण्यासारखा सरकला.

"नेम डावीकडे जातो. म्हणजे... उजवीकडे."

मॅडम माझ्याकडे बघतात, मी सरांकडे. रायफलबद्दल हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता! माझं डोकंच चालेना, मग तापलं. "सर, द्यायची की नाही? एक काय ते सांगून टाका ना!"

सर दस्त्यावरून अंगठा फिरवत बसले.

"मीच कापला," ते म्हणाले. "आमची ही सूर्यमाळची. शिकायची भारी हौस, पण हात आखूड. घोड्यापर्यंत बोटच पोहोचेना. मग घेतली करवत." मग दस्त्यावरची एक जागा दाखवत म्हणाले, "इथलं पॉलिश उडालंय ना, तिथे तिचा गाल टेकायचा."

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली.

मॅडम हळूच म्हणाल्या, "मग राहू द्या सर."

"ठेवून काय करू? लायसन संपतंय. न्या तुम्ही. दस्ता तेवढा बदलू नका."

"पण एवढा आखूड दस्ता बसणार कुणाला?"

"येईल की एखादी आखूड हातांची पोरगी." सरांनी रायफल त्यांच्या हातात दिली. "तिला म्हणावं, गाल तिथेच टेकव. जागा तयार आहे."