सिक वेगळं, इल वेगळं

पूर्णेत कुणी आजारी पडल्याचं कळलं, की शिवहारअप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काय झालं, कधीपासून झालं, दवाखान्यात दाखवलं का, हे सगळं नंतर. आधी ते विचारतात, "सिक हाय का इल?"

समोरचा गोंधळतो. "ताप आलाय हो अप्पा."

"ते कळलं. पण सिक का इल?"

अप्पांनी सगळी नोकरी रेल्वेत मालगाडीचे डबे तपासण्यात घालवली. इंग्रजी शिकले ते रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकातून आणि पुठ्ठा निघालेल्या एका जाड डिक्शनरीतून. ही डिक्शनरी अजून त्यांच्या पिशवीत असते. माझं स्टेशनरोडवर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रोज दहाच्या सुमाराला अप्पा येतात, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, "शरणार्थ" म्हणून स्टुलावर बसतात आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांचे अर्ज वाचायला घेतात. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही. पण त्यांनी वाचल्याशिवाय कागद दुकानाबाहेर जात नाही.

सुरुवातीला मी त्यांना म्हणालो होतो, "अप्पा, दोन्हीचा अर्थ आजारी. कशाला एवढा घोळ?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खात्याची नाचक्की केली होती. मग समजावून सांगितलं. "डबा बिघडला की म्या त्याच्यावर खडूनं लिहायचो, सिक. मग त्याला सिक लाइनीला नेऊन लावायचे. चाक बदललं, स्प्रिंग बदलली, की झाला फिट. परत गाडीला. उभ्या नोकरीत इल लिहिलेला डबा म्या पाहिला न्हाई. कामून? कारण सिक म्हणजे परत येणारा."

"आणि इल?"

"इल म्हणजे खोलवरचं. लय दिवसांचं." एवढं बोलून ते व्याकरणाकडे वळले. "आणि जागाबी वेगळी हाय. सिक मॅन चालतं. इल मॅन चालत न्हाई. ही इज इल, असं म्हणायचं. इल म्हणजे गार्डाचा डबा. कायम मागं. पुढं लावला की गाडी घसरली."

एकदा एका गुरुजींचा रजेचा अर्ज मी टाइप करत होतो. मजकूर त्यांचाच होता, मी जसाच्या तसा उतरवत होतो. आय ॲम सिक ऑफ माय वाइफ, काइंडली ग्रँट टू डेज लीव्ह. अप्पांनी स्टूल पुढे ओढलं.

"गुरुजी, मंडळींना काय झालंय?"

"कंबर धरलीय तिची."

"मग असं न्हाई लिहायचं. सिकच्या मागं ऑफ लागलं की अर्थ पालटला. बायकोचा मला वीट आलाय, दोन दिवस सुट्टी द्या, असं मागायलाव तुमी."

गुरुजींनी थोडा विचार केला. "अर्थ काय चुकीचा न्हाई अप्पा," ते म्हणाले, "पण आमच्या हेडमास्तर बाई हायत. बदला."

सिकचा तिसरा अर्थ मला अप्पांनी ताडकळसच्या बसमध्ये शिकवला. मी आणि माझी बायको सुनीता बाजाराला निघालो होतो, अप्पा मागच्या बाकावर होते. वाटेत त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. "तुझी बायको सिक हाय."

"नाही हो, ठणठणीत आहे."

"तिला खिडकीला बसीव."

"पण आजारी नाही ती."

"आजारी कोण म्हणालं? फील सिक म्हणजे मळमळणं. वॉज सिक म्हणजे उलटी झाली. तू आधी जागा बदल, मग..."

तेवढ्यात वॉज सिक झालं, तेही माझ्या शर्टावर. उरलेला प्रवास मी बनियनवर केला आणि अप्पा सगळ्या बसला हा फरक समजावून सांगत राहिले.

आमच्या आळीत कुणाला सर्दी होवो की डेंग्यू, अप्पा भेटायला जाणारच. उशाशी उभे राहतात, रोग्याकडे निरखून बघतात आणि सांगतात, "सिक." की रोग्याचं अर्धं दुखणं कमी. समोरचा न्हावी तर तापात आधी अप्पांना बोलावणं धाडायचा. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नांदेडला जाणाऱ्या पाटलीणबाईंनी एकदा मन घट्ट करून विचारलं, "अप्पा, मी तर इलच असंल आता?" अप्पांनी त्यांना निरखून पाहिलं. म्हणाले, "न्हाई. सिकच. जरा लांबचा सिक."

जिवंत माणसाला त्यांनी इल म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. एवढा फरक घोकणारा माणूस त्यातला एकच शब्द का वापरतो, असं मला कधीकधी वाटायचं. पण विचारलं नाही.

अप्पा घरी एकटेच असतात. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एकुलती मुलगी रेणुका नर्स आहे, इंग्लंडातल्या एका दवाखान्यात. ती रोज न चुकता बापाला मेसेज पाठवते, आणि दुकानात आल्यावर तो मेसेज मला वाचून दाखवणं हा अप्पांचा नेम आहे. मेसेजात काही नसतं. आज पाऊस आहे, आज भात केला, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला तर बंद. त्या दिवशी अप्पा दहाला आले नाहीत, अकराला आले. विभूती नाही, चष्मा नाही, शरणार्थ नाही. स्टुलावर बसलेसुद्धा नाहीत. त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाच."

मेसेज रेणुकासोबत राहणाऱ्या मैत्रिणीचा होता. इंग्रजीत. दोन-तीनच ओळी. पहिल्याच ओळीत मी अडखळलो. रेणुका वॉज व्हायोलंटली सिक ऑल नाइट. व्हायोलंट म्हणजे मारामारीचं, एवढंच मला माहीत. मी डिक्शनरीसाठी त्यांच्या पिशवीकडे हात केला. पिशवीही आणली नव्हती.

"ते सोड," अप्पा म्हणाले. "त्याच्या खाली बघ. शी इल लिहिलंय न्हवं?"

मी बघितलं. अप्पांच्या फोनची काच मधोमध तडकलेली, आणि तडा नेमका त्या शब्दावरून गेलेला. शी, मग तडा, मग इल. मला स्वतःलाही तसंच दिसलं. काय करावं सुचेना, म्हणून मी बोटानं मेसेज जरा वर सरकवला. तड्याखालून आणखी एक अक्षर बाहेर आलं. डब्ल्यू.

"अप्पा, इल नाही. विल आहे. शी विल कॉल. ती फोन करणार आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. शी इज स्लीपिंग, शी विल कॉल. आणि वर सिक आहे. वॉज सिक. म्हणजे काय, तुम्हीच सांगा."

अप्पांना आठवेना. मग मीच त्यांना सांगितलं, "उलट्या झाल्यात तिला. रात्रभर जोरात उलट्या झाल्या आणि आता झोपली आहे. ताडकळसची बस आठवा."

तेव्हा ते खाली बसले. स्टुलावर नाही, दुकानाच्या पायरीवर. मी पाणी दिलं. दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना मी नंतर यायला सांगितलं.

दीड वाजता फोन वाजला. मीच उचलून स्पीकरवर टाकला. रेणुकाचा आवाज बसलेला होता, पण स्वच्छ. "अप्पा, पार्टीत काहीतरी खराब खाल्लं बघा. उलट्या थांबंचनात. फोन तर त्याच्या आधीच बेसिनमधल्या पाण्यात पडला होता, हा मैत्रिणीचा हाय. लय घाबरलात का?"

"छे," अप्पा म्हणाले. "मी कशाला घाबरतो? काही खाल्लंस का?"

"आत्ता पेज पिले."

"मीठ टाकून पी. आणि तुझ्या मैत्रिणीला आमचा नमस्कार सांग. इंग्रजी चांगलं हाय तिचं."

फोन ठेवल्यावर मी न विचारताच ते बोलू लागले. "रेणुकाच्या आईला नांदेडला ॲडमिट केलं होतं. तिचा भाऊ होता जवळ. त्यानं डॉक्टरचं लिहिलेलं चिठ्ठीत उतरवून पाठवलं, पेशंट व्हेरी इल. म्या वाचलं. मला वाटलं, इल म्हणजे सिकच. दोन्ही एकच समजलो म्या. म्हणलं, आज ड्युटी करू, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. ती संध्याकाळीच गेली."

मीही त्यांच्याजवळ पायरीवर जाऊन बसलो. सुनीतानं डबा दिला होता, तो उघडला. दोन भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. अप्पांनी सावकाश एक भाकरी संपवली, मग दुसरीतली अर्धी मोडून घेतली. कालपासून काही खाल्लं नव्हतं, हे ते बोलले नाहीत, पण दिसत होतं.

हात धुताना ते म्हणाले, "रविवारी काय करायलास?"

"काही नाही."

"पोखर्णीला जाऊ. आमचा देव महादेव, पण रेणुकाच्या आईची भक्ती नरसिंहावर. पोरीसाठी नारळ बोललोय म्या सकाळी. तुझ्या बायकोलाबी घे." मग जरा वेळानं, "एकट्याला जायला नको वाटतं."

रविवारी आम्ही तिघं गेलो. सुनीताला न विचारता अप्पांनी खिडकी दिली. प्रवास नीट झाला. देवळात गर्दी नव्हती, ऊन छान पडलं होतं. अप्पांनी ओलं उपरणं खांद्यावर टाकून नारळ पुढे केला.

"कुणाच्या नावानं?" पुजाऱ्यानं विचारलं.

अप्पांनी रेणुकाचं नाव सांगितलं. मग सुनीताचं सांगितलं. मग माझं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"घरचे एवढेच का अजून कुणी हाय?"

"एवढेच," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले.